मुखपृष्ठावरचे दात

मराठी मासिकाच्या मुखपृष्ठावर यायचं तर हसावं लागतं. दिवाळी अंकावरची बाई पाहा. हातात तबक, तबकात पणत्या, अंगावर जड पैठणी, नाकात नथ, आणि हे सगळं तोल जाऊ न देता सांभाळून ती आपल्याकडे बघून हसतेच आहे. तेवढ्या दिव्यांच्या उकाड्यात आणि तेवढ्या जरीच्या ओझ्याखाली हसणं ही चेष्टा नव्हे. दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’साठी रंगवलेल्या स्त्रिया निदान मंद हसत. पुढे कॅमेरा आला, कॅमेऱ्यामागून नट्या आल्या आणि स्मिताची बत्तिशी झाली. तरी बिघडलं काहीच नाही. सणासुदीला घरात तोंड पाडलेली बाई कोण विकत आणेल?

विलायती गाण्याबजावण्याच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे पहिल्यांदा चाळले तेव्हा मला काळजी वाटली ती यामुळेच. एकामागून एक नामवंत माणसं, एकही हसत नाही. हातात गिटार आहे, दारात चाहत्यांची रांग आहे, बँकेत पैसे आहेत, आणि चेहरा मात्र असा की घरी कुणालातरी न्यूमोनिया झालाय आणि या फोटोग्राफरने मध्येच अडवून ठेवलंय. सुरुवातीला वाटलं, थंड हवामान आहे, ओठ फुटत असतील. पण तसं नव्हतं. हीच माणसं दुसऱ्या मासिकावर खिदळताना सापडत होती.

मग हळूहळू त्यातला कायदा लक्षात आला. दात किती दाखवायचे हे गाणारा ठरवत नाही, वाचकाचं वय ठरवतं. अमेरिकेत ‘टायगर बीट’ आणि ‘सिक्स्टीन’ अशी मासिकं निघत. शाळकरी मुलींसाठी. त्यांच्या मुखपृष्ठांवर धडावेगळी केलेली, कात्रीने कापलेली देखणी मुंडकी रंगीत कागदावर विखुरलेली असत आणि प्रत्येक मुंडक्याला सगळे दात असत. हीच मुलगी पाचसहा वर्षांनी कॉलेजात गेली की ‘रोलिंग स्टोन’ घ्यायची, आणि त्यावर ओठ मिटलेले. म्हणजे गाणारा तोच असला तरी वाचकाला अक्कलदाढ आली की गाणाऱ्याने आपले दात आत घ्यायचे. हसणं म्हणजे ‘मला विकत घ्या’. न हसणं म्हणजे ‘मी विकायला बसलेलो नाही’. हे दुसरं वाक्य मुखपृष्ठावर, किमतीच्या आकड्याशेजारी छापलेलं असतं, याचं कुणालाच काही वाटत नाही. हत्तीचे दाखवायचे आणि खायचे दात वेगळे असतात हे आपल्याला ठाऊक होतं. दाखवायचेच दात न दाखवता खाण्याची सोय मात्र या मंडळींनी काढली.

‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ या तारखेचा. सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने आणि राल्फ ग्लीसन या पन्नाशीतल्या जॅझ-समीक्षकाने तो काढला. भांडवल साडेसात हजार डॉलर, तेही बरंचसं घरच्यांकडून आणि भावी सासरकडून उसनं. (लग्नाआधीच सासरच्या पैशावर मासिक काढणारा माणूस पुढे यशस्वी होणार हे तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं.) किंमत पंचवीस सेंट. चाळीस हजार प्रती छापल्या, त्यातल्या चौतीस हजार परत आल्या. खपल्या सहा हजार. ही गोष्ट तिकडे अपयशाची म्हणून सांगतात. मराठी नियतकालिकाच्या कुठल्याही संपादकाला हा आकडा ऐकवा, तो हेव्याने गप्प होईल.

त्या अंकावर जॉन लेनन आहे. पण कसा? फुलं नाहीत, मणी नाहीत, गिटारही नाही. डोक्यावर जाळीचं आच्छादन घातलेलं लष्करी शिरस्त्राण आणि डोळ्यांवर गोल चष्मा. रिचर्ड लेस्टरच्या ‘हाऊ आय वॉन द वॉर’ या चित्रपटात त्याने ग्रिपवीड नावाच्या शिपायाचं काम केलं होतं, त्यातला हा फोटो. व्हिएतनामच्या लढाईला विरोध करणाऱ्या, प्रेम आणि शांतीचा घोष करणाऱ्या पिढीने आपलं वर्तमानपत्र काढलं आणि पहिल्याच पानावर बसवला तो शिपाई. चित्रपट युद्धाची टर उडवणारा होता हे खरं, पण ते चित्रपट पाहिलेल्यांना कळणार. नुसतं मुखपृष्ठ बघणाऱ्याला वाटावं, सैन्यभरतीची जाहिरात आहे.

त्या चष्म्याची मला जास्त गंमत वाटते. लेननला लांबचं अजिबात दिसत नसे, आणि बीटल्सच्या ऐन बहरात तो लोकांसमोर चष्मा लावत नसे. कारण पॉप गायकाने चष्मा लावायचा नसतो. म्हणजे ज्या हजारो पोरी त्याच्याकडे बघून किंकाळ्या फोडत होत्या, बेशुद्ध पडत होत्या, त्या त्याला रंगांचे डाग म्हणून दिसत असणार. हा गोल चष्मा या शिपायाच्या भूमिकेसाठी म्हणून नाकावर आला आणि मग कायमचा राहिला. तेव्हा या मुखपृष्ठावर तो हसत नाही यात नवल ते काय? इतक्या वर्षांनी माणसाला समोरचं स्पष्ट दिसायला लागलंय.

लेननच्या फोटोसोबत त्या पानावर जी मुख्य बातमी होती, ती वाचून तर मला हा अंक आपल्याच गल्लीत निघाल्यासारखा वाटला. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे मोठा पॉप महोत्सव झाला होता. नफा कमवायचा नाही, कलाकारांनी फुकट गायचं, उरलेले पैसे चांगल्या कामाला द्यायचे, असं ठरलेलं. ‘रोलिंग स्टोन’ने पहिल्याच अंकात विचारलं: पैसे गेले कुठे? हे म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर मंडळाच्या खजिनदाराला जिन्यात गाठून विचारायचा प्रश्न. नव्या युगाच्या नव्या संगीताच्या नव्या मासिकाची पहिली बातमी काय, तर वर्गणीचा हिशेब! मानवजात एक आहे ती अशा ठिकाणी. आणि त्या महोत्सवात बाकी सगळे प्रेमापोटी गात असताना ठरलेलं मानधन घेऊन वाजवणारे कोण होते? पंडित रविशंकर. तीन हजार डॉलर. साथीला अल्लारखाँ. आयुष्यभर संगीतसभांच्या संयोजकांशी गाठ पडलेला माणूस आधी पाकीट बघतो, मग सतार जुळवतो. पैसे कुठे गेले हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं.

या मुखपृष्ठाची चौकटीत घातलेली नक्कल ठाण्यात माझ्या एका मित्राच्या दिवाणखान्यात टांगलेली आहे. नक्कलच, कारण मूळ अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावरचा. असल्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, पुढे कागदाचे तुकडे हातात येतात. खाडीकाठच्या हवेत कसर लागते ती वेगळीच. तर ही चकचकीत नक्कल पहिल्यांदा भिंतीवर गेली तेव्हा मित्राची आई गावाहून आलेली होती. त्यांनी चष्मा सरळ केला आणि बराच वेळ लेननकडे बघितलं.

“कोण रे हे? तिच्याकडचे का कुणी?” (‘तिच्याकडचे’ म्हणजे सुनेच्या माहेरचे.)

“नाही गं आई. जॉन लेनन. गायक होता.”

“मग डोक्यावर हे काय?”

“सिनेमात शिपायाचं काम केलं होतं.”

“म्हणजे सिनेमाचं मासिक आहे.”

“गाण्याचं.”

काकूंनी जरा विचार केला. “गाणारा माणूस, गाण्याचं मासिक, आणि फोटो लढाईचा. बरं.” मग आवाज खाली आणून, “आहेत का गेले?”

“गेला. १९८० साली. डिसेंबरमध्ये.”

“तरीच भिंतीवर,” काकू म्हणाल्या. “तिथी कोणती म्हणायची?”

त्या दसऱ्याला घरातल्या सगळ्या तसबिरींना झेंडूचे हार घातले गेले, तसा त्यालाही एक गेला. मित्राने सांगून पाहिलं की तो देवदेव मानणारा नव्हता. काकू म्हणाल्या, “तुझे आजोबा तरी कुठे मानत होते?”

तिथीवरून आठवलं म्हणून सांगतो. ८ डिसेंबर १९८० या दिवशी अ‍ॅनी लीबोवित्झ हिने याच मासिकासाठी लेननचे फोटो काढले. मासिकाला एकट्या लेननचा फोटो हवा होता, त्याला योको ओनोशिवाय नको होता. शेवटी उघडा लेनन आणि कपडे घातलेली योको, तिला बिलगून पडलेला, असा फोटो निघाला. काही तासांनी त्याचा खून झाला. २२ जानेवारी १९८१च्या अंकावर तो फोटो छापला तेव्हा मासिकाचं नाव सोडून दुसरा एक शब्द त्यावर नव्हता. आत काय आहे, कोणाची मुलाखत आहे, काही नाही. मुखपृष्ठावर गप्प बसणं संपादकांना इतकं अवघड जातं की हे एक उदाहरण लोक अजून सांगतात.

कपडे काढण्याचा विषय निघालाच आहे तर डेव्हिड कॅसिडी याला टाळून पुढे जाता येत नाही. ‘द पार्ट्रिज फॅमिली’ या दूरचित्रवाणी मालिकेतून हा पोरगा १९७०पासून अमेरिकेतल्या शाळकरी मुलींचा देव झाला होता. त्याचे दात ज्यावर छापले नाहीत असं मुलींचं मासिक त्या काळात सापडणं कठीण. पण हा तेव्हाच वीस ओलांडलेला बुवा होता आणि सोळा वर्षांचा असल्यासारखं वागण्याचा त्याला कंटाळा आला होता. मोठं झालो हे जगाला सांगायचं कसं? आपल्याकडे मुलं मिशी ठेवतात. कॅसिडीने ‘रोलिंग स्टोन’च्या ११ मे १९७२च्या अंकासाठी, पुन्हा लीबोवित्झबाईंच्याच कॅमेऱ्यापुढे, सगळे कपडे उतरवले.

मुखपृष्ठावर मात्र तो गवतात पहुडलेला, कमरेच्या वर कापलेला. आत पान उघडलं की कात्री थोडी खाली सरकलेली. मराठी वाचकाला हे तंत्र ‘आवाज’ दिवाळी अंकाच्या खिडकीचित्रांवरून माहीत आहे, फक्त उलटं. ‘आवाज’च्या खिडकीतून भलतंच काही दिसतंय असं वाटावं, घरातले आजूबाजूला नाहीत हे पाहून आपण पान उलटावं, आणि आत बाई भोपळा चिरत असावी. मराठी माणसाला सभ्य ठेवण्यात त्या निराशेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत बाहेर सभ्यता आणि आत खरा माल. यातून कॅसिडीने साधलं एवढंच की शाळकरी मुलींच्या आया खवळल्या, आणि ज्या मोठ्या, गंभीर, ओठ मिटलेल्या रॉकवाल्यांच्या पंगतीत त्याला बसायचं होतं त्यांनी काही पाट सरकवला नाही. दात लपवले की मोठं होता येतं, या समजुतीत त्याने चुकीचा भाग उघडा टाकला, इतकंच.

न हसण्याची सगळीच कारणं मात्र असली तोऱ्याची नसतात. झांझिबारला १९४६ साली जन्मलेला फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा आठव्या वर्षाच्या सुमाराला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला. पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि पुढचे दात फार पुढे म्हणून पोरांकडून ‘बकी’ हे नाव मिळवलं. वसतिगृहातल्या मुलांची नावं ठेवण्याची हातोटी जगभर सारखीच निर्दय. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते आणि ते पुढच्यांना ढकलत होते. पुढे फ्रेडी मर्क्युरी होऊन पैसा पायाशी आल्यावरही त्याने ते काढले नाहीत. तोंडातली जागा बदलली तर आवाज बदलेल ही भीती. म्हणून फोटोत वरचा ओठ ओढून दातांवर घ्यायचा, हसू आलंच तर हात आडवा धरायचा. फोटोतला तो राजेशाही, गूढ, जगाला तुच्छ लेखणारा मिटल्या तोंडाचा चेहरा बघून कितीतरी पोरांनी आरशासमोर तसं तोंड करून पाहिलं असेल. त्यांना काय ठाऊक, की त्या गूढपणाची अर्धी जबाबदारी पाचगणीच्या पोरांकडे जाते!

इंग्लंडात हसणाऱ्यांचा बालेकिल्ला म्हणजे ‘स्मॅश हिट्स’. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या ओठ मिटलेल्या साप्ताहिकाचे माजी संपादक निक लोगन यांनी १९७८ साली ते काढलं. चकचकीत कागद, गाण्यांचे छापील शब्द, भडक रंग, आणि गायकांना विचारलेले अत्यंत बिनमहत्त्वाचे प्रश्न. १९८७ साली खुद्द मार्गारेट थॅचर यांनी या मासिकाला मुलाखत दिली, यावरून त्याचा दबदबा कळावा. या कचेरीत १९८२पासून नील टेनंट नावाचा एक गृहस्थ काम करत होता. त्याआधी तो मार्व्हल कॉमिक्सच्या ब्रिटिश शाखेत होता. अमेरिकन चित्रकथांची स्पेलिंगं विलायती करायची आणि चित्रांतल्या फारच उघड्या बायांना कुठे झाकायचं ते सांगायचं, ही त्याची कामं. असा माणूस कॅसिडीच्या वेळी ‘रोलिंग स्टोन’मध्ये हवा होता.

तर टेनंट इतरांच्या मुलाखती घेई, इतरांच्या हसऱ्या फोटोंखाली ओळी लिही. फावल्या वेळात मित्राबरोबर गाणी करी. १९८५ साली त्याने नोकरी सोडली, पूर्णवेळ गायक व्हायला. सहकाऱ्यांनी निरोपाला काय दिलं? मासिकाचं एक खोटं मुखपृष्ठ. त्यावर त्याचा फोटो आणि त्याच्याच तोंडी भाकीत, की इतकं चांगलं मासिक सोडून मी कसा बँड काढला, कसा आपटलो आणि जुनी नोकरी परत मागायला कसा आलो. निरोपसमारंभात खोटं खोटं गहिवरून शाल-श्रीफळ देण्याच्या आपल्या पद्धतीपेक्षा हे पुष्कळ प्रामाणिक. जानेवारी १९८६मध्ये त्याच्या ‘पेट शॉप बॉइज’चं ‘वेस्ट एंड गर्ल्स’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि मग खऱ्या मुखपृष्ठावर तो झळकला.

आता बघा, पॉपच्या अख्ख्या इतिहासात मुखपृष्ठ आतून कसं शिजतं हे याच्याइतकं कुणाला माहीत असेल? फोटो कसा निवडतात, कोणाचे दात का छापतात, कोणाचे दात पुढच्या वर्षी अडगळीत जातात, सगळं. आणि मुखपृष्ठावर येण्याची वेळ आली तेव्हा या माणसाने काय केलं? हसला नाही. त्याचा जोडीदार ख्रिस लो तर टोपी आणि काळ्या चष्म्याच्या मागे असा उभा राहायचा की हसत असला तरी कळू नये. हॉटेलात काम केलेला माणूस बाहेर जेवायला गेला की फक्त उकडलेली अंडी मागवतो, त्यातला प्रकार असावा.

माझ्या मित्रासारखे संग्राहक हे सगळे चेहरे आता प्लास्टिकच्या पिशव्यांत, आम्लविरहित पुठ्ठ्यांवर ठेवतात. तरुणपणी विलायती मासिकाला पैसे नव्हते, फाउंटनच्या पदपथावर उभ्याउभ्या चाळून परत ठेवावं लागे. आता पैसे आहेत तर आतला बारीक टाइप वाचता येत नाही, म्हणून फक्त मुखपृष्ठ बघतात. चणे आणि दातांची म्हण आजवर इतक्या शब्दशः कुणाला लागू पडली नसेल.

या सगळ्या मिटलेल्या तोंडांच्या गर्दीत मला खरा आदर वाटतो तो ‘डॉक्टर हूक अँड द मेडिसिन शो’ या टोळक्याबद्दल. मुखपृष्ठावर यायचंच आहे आणि आम्हाला ते हवंच आहे, हे इतरांनी ओठ मिटून लपवलं, यांनी चालीवर सांगितलं. १९७२ साली त्यांनी एक गाणंच काढलं, ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर येण्याबद्दल. आमच्याकडे पैसा आहे, गुरू आहे, पोरी आहेत, सगळं झालं; तेवढं मुखपृष्ठ राहिलंय; ते मिळालं की आईसाठी पाच प्रती विकत घेऊ, असा एकंदर आशय. गाणं लिहिलं शेल सिल्व्हरस्टीन यांनी, जे स्वतः व्यंगचित्रकार. अमेरिकेत ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. आता मात्र मासिकाची पंचाईत झाली. सगळा देश गाऊन वशिला लावतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आणि इतक्या उघड मागणाऱ्याला दिलं तर मिटल्या ओठांची आब काय राहिली?

‘रोलिंग स्टोन’ने दोन्ही साधलं. २९ मार्च १९७३च्या अंकावर हे लोक आले. पण फोटो नाही, व्यंगचित्र. आणि बँडचं नाव नाही. मथळा असा की ते हे, काय बरं त्यांचं नाव, ते आले एकदाचे मुखपृष्ठावर. लग्नपत्रिकेत ‘आणि समस्त आप्तेष्ट’ यांत ज्यांची गणना होते त्यांना हे दुःख कळेल. आईसाठी पाच प्रती घेतल्या असतील तर त्या माउलीला प्रत्येक शेजारणीला बोट ठेवून सांगावं लागलं असणार, की हा, हा आमचा.

इंग्लंडात तर आणखी निराळं झालं. बीबीसीने हे गाणं लावायला नकार दिला. कारण गाण्यात एका खासगी मासिकाचं नाव वारंवार येतं आणि ती जाहिरात होते, आणि बीबीसी जाहिराती करत नाही. रेकॉर्ड कंपनीने एका फोन नंबरवर गाणं ऐकवण्याची सोय केली. शेवटी बीबीसीच्याच निवेदकांनी तोडगा काढला: गाण्यात ‘रोलिंग स्टोन’ आलं की त्यावर मोठ्याने ओरडायचं ‘रेडिओ टाइम्स’. ‘रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमांच्या वेळा छापणारं साप्ताहिक, आणि त्याची मालकी तेव्हा बीबीसीचीच होती. असा तो कार्यक्रम नियमांत बसला. ‘रोलिंग स्टोन’ने डॉक्टर हूकचं नाव गाळलं, बीबीसीने ‘रोलिंग स्टोन’चं गाळलं, आणि फुकट जाहिरात झाली ती अशा साप्ताहिकाची, ज्याच्या मुखपृष्ठावर येण्याची इच्छा त्या बिचाऱ्यांनी गाण्यात कुठेही व्यक्त केलेली नव्हती.